प्रसादाचा भरडा आणि माझे चार खूर

मी केंपी बोलतेय. अंगानं तांबूस म्हणून केंपी. आमच्या अव्वाच्या माहेरी कानडी बोलतात, त्यात तांबड्याला केंपु म्हणतात. अव्वा म्हणजे बसम्मा, माझी धनीण. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालात की काळ्या रानांत आमचं गाव लागतं. मी गाय असले तरी माझी कहाणी अव्वाच्या एका नवसापासूनच सुरू होते.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी तेव्हा कालवड. गावातली जनावरं छावणीत बांधली होती. पुढ्यात उसाचं वाळलेलं वाढं पडायचं, तेही पुरायचं नाही. अव्वा दिवसभर खडी फोडायची आणि परतताना माझ्या पाठीवरून हात फिरवायची. हाताला बरगड्याच लागायच्या. एका संध्याकाळी तिनं सोलापूरच्या देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

"सिद्धरामा, माझी केंपी जगू दे. खळ्यात रास पडली की पहिली पाटी हिची. पोटभर घालीन. हात आखडणार न्हाय."

तिचे धनी शिवप्पा शेजारी विडी ओढत होते. "आधी आपल्या पोटाचं बग की," ते म्हणाले.

"आपल्या पोटाला तोंड हाय. मागून घेतंय. हिला कुटं बोलता येतंय?"

मी जगले. पुढं रान पिकलं, मालदांडी ज्वारीची कणसं हातभर लांब लटकली आणि मी गाभण राहिले. खळ्यात रास पडली, तशी अव्वाला नवसाची घाई झाली. तिनं राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पहिली पाटी भरून ज्वारी घरी नेली, जात्यावर भरडली, गूळ कालवला आणि माझ्यापुढे ठेवली.

इतके दिवस कडबा आणि वाढं चघळलेलं माझं तोंड. दाणा म्हणजे काय ते मी विसरून गेले होते. तो गोड वास नाकात गेला आणि मी पाटीत तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही.

"आता पुरे की," शिवप्पा म्हणाले. "उरलेलं उद्या घाल."

"देवाचं अर्धं ठेवू व्हय?" अव्वा पाटीशी मांडी घालून बसली. कोपऱ्यात चिकटलेला भरडासुद्धा तिनं बोटांनी सोडवून मला चाटवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, सुखाचं.

दुसऱ्या दिवशी माझं रवंथ थांबलं. रवंथ थांबलेली गाय म्हणजे विझलेली चूल. पोट तट्ट फुगलं, आत पाणी हलल्यासारखं डचमळायला लागलं. शेण पातळ, आंबूस. मग चारी खुरांत निखारे ठेवल्यासारखी आग सुरू झाली. उभं राहवेना. पाय पोटाशी घेऊन मी बसले ती बसलेच.

शेजारची तानाबाई मीठमिरची ओवाळायला आली. "दीठ लागली गं. सगळ्या गल्लीनं बघितलं की हिला खाताना."

अव्वानं अंगारा लावला. शिवप्पा सायकलवर टांग टाकून जनावरांच्या दवाखान्याकडे गेले. ते येईपर्यंत अव्वानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पुन्हापुन्हा एकच म्हणत राहिली, "काय चुकलं सिद्धरामा? नवसात काय कमी पडलं?"

डॉक्टर फटफटीवरून आले; शिवप्पा सायकलवर अजून मागेच होते. त्यांनी माझा ताप पाहिला, पोटावर कान ठेवला, खुरांना हात लावला तशी मी कळवळले.

"काय खाल्लं हिनं?"

"नेहमीचंच," अव्वा म्हणाली. "कडबा."

"आणखी काही? रानात शिरली? कुणाच्या धान्यात तोंड घातलं?"

"न्हाय हो. माझी गाय तसली न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती. माणसांची ही रीत मी गोठ्यातून पाहत आलेय. अव्वा सोमवारी उपास करते. शेंगदाण्याचा लाडू, केळं, खजूर, वाटीभर दूध घेते आणि कुणी विचारलं तर म्हणते, आज पोटात काही नाही. तिच्या लेखी उपासाचं ते खाणं नव्हे, आणि देवाचा प्रसाद तर मुळीच नव्हे.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. बॅग उघडून ते बाटल्या चाळवू लागले. तेवढ्यात अव्वा आत गेली आणि राशीचा थोडा भरडा ओंजळीत घेऊन आली. "नवसात कमी पडलं असंल तर एवढं घालते. देवाचं हाय, बाधायचं न्हाय."

तिची ओंजळ माझ्या तोंडापर्यंत आली होती. डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं.

"हे काय आहे?"

"प्रसाद."

"आधी किती दिला?"

अव्वानं भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. मग काठीनं माझं शेण उलगडलं. त्यात ज्वारीच्या कण्या होत्या.

ते ओट्यावर जाऊन बसले नाहीत, तिथंच गोठ्यात उकिडवे बसून सांगू लागले. "मावशी, गाईच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. कडबा तेच पचवतात. हिच्या पोटातल्यांना दाण्याची सवय नव्हती. एकदम एवढं पीठ आलं, तेव्हा पिठावर वाढणारे दुसरेच जंतू माजले आणि त्यांनी सगळं पोट आंबवलं. त्या आंबटात जुने जीव मेले आणि मेल्यावर त्यांच्या अंगातलं विष बाहेर पडलं. ते विष एरवी पोटाच्या आतल्या कातडीनं अडवलं असतं. पण आंबटानं तीच सोलली. मग विष रक्तात शिरलं, आंबटानं केलेले आणखी काही घातक रस त्याला मिळाले आणि सगळ्यांनी मिळून खुरांच्या आतलं नाजूक मांस धरलं."

अव्वा ऐकत होती. "म्हंजे एकानं दार मोडलं आन् दुसरा आत घुसला," ती हळू म्हणाली.

"अगदी तसंच."

"आता?"

"आधी दार लावू."

खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं माझ्या घशात गेला. सुया टोचल्या. गोठ्यामागं ओहळात गार चिखल होता; गल्लीतल्या चौघांनी उचलून मला त्यात नेऊन उभं केलं, पोटाखाली पोत्याची झोळी धरून. खुरांची आग जरा निवली. मग डॉक्टर म्हणाले, "हिच्या पोटातले चांगले जीव गेलेत. दुसऱ्या निरोगी जनावराचं रवंथ हवं. तोंडातून काढून, पाण्यात कालवून पाजायचं."

अव्वा ताठ झाली. "उष्टं? माझ्या गाईला?"

झोळीचं एक टोक धरून धुळा धनगर उभा होता. तो हसला. "बसम्माक्का, माझा बैल रोज तुमच्या गंजीवरनं जाता जाता तोंडभर कडबा ओढतोय. तुमचंच हाय ते. आज परत घ्या की."

शिवप्पाही हसले. अव्वाला हसू दाबता आलं नाही, आणि तिनं स्वतःच धुळाच्या बैलाची वेसण धरली. त्या बैलाच्या गालातला हिरवट घास धुळानं दोन बोटांनी काढला. तो माझ्या पोटात गेला तेव्हा मला कुणाचं उष्टं वाटलं नाही. शेजाऱ्यानं विस्तव दिल्यासारखं वाटलं.

पुढचे काही दिवस अव्वा ओहळ आणि गोठा यांच्यामध्ये खेपा घालत होती. रोज कानाशी म्हणायची, "एळव्वा, एळ." ऊठ बाई, ऊठ. एका सकाळी माझ्या घशाशी काहीतरी वर आलं आणि मी चघळू लागले. अव्वा शेणाची पाटी टाकून धावत आली. माझ्या जबड्याची हालचाल ती बघत उभी राहिली, आणि तिनं असा श्वास सोडला की माझ्या तोंडावरच्या माश्या उडाल्या. दुपारपर्यंत मी आपल्या पायांवर उभी होते.

डॉक्टर परत तपासायला आले तेव्हा तिनं विचारलं, "मग माझा नवस पावला न्हाय म्हणायचा?"

"गाय जगली की. नवस पावलाय. फेडायचं माप तेवढं मोठं झालं. हिला बरं वाटू दे, मग कडब्यावर मूठ मूठ भरडा टाका."

अव्वानं सिद्धरामाला नव्यानं सांगितलं की पोटभर म्हणजे केंपीच्या पोटाचं माप, तिच्या मायेचं नव्हे. माझी पहिली कालवड सुखरूप झाली तेव्हापासून ती मुठीनंच नवस फेडते आहे.

आता मी तीन वेतांची आहे. खुरांवर त्या दिवसांच्या आडव्या वळ्या राहिल्यात. लांबचं चालताना थोडी लंगडते. अव्वा कधी कधी त्या वळ्यांवरून बोट फिरवते आणि माझ्या कपाळाला कपाळ लावते.

तुमच्याही दावणीला कुणी मुकं असेल. त्याच्यासाठी नवस जरूर बोला. अव्वा नवस बोलली म्हणून तर मी आहे. पण फेडताना तिच्यासारखं मुठीनं फेडा. आणि डॉक्टरांनी काय खाल्लं असं विचारलं, तर प्रसादही सांगा. देव रागावत नाही. आम्हाला तेवढं सांगता येत नाही.