ब्रेकर पडतो तेव्हा

मुलुंडच्या त्या सोसायटीत मे महिन्यात रोज दुपारी वीज जाऊ लागली. आवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर पडायचा, वॉचमन तो उचलायचा, तासाभरात पुन्हा तेच. लोकांची बोलणी खाऊन वैतागलेल्या सेक्रेटरी केयूरने इलेक्ट्रिशियनला ब्रेकरची सेटिंग वाढवायला सांगितली. ते कानावर पडताच पहिल्या मजल्यावरच्या सुनंदाताई खाली आल्या.

"थांब रे. तो बिघडलेला नाही, त्याचं काम करतोय."

भांडुपच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगला एकतीस वर्षं काढलेली ही बाई. नवा ट्रान्सफॉर्मर दिवसभर पूर्ण लोडवर चालवायचा, दर तासाला तेलाचं तापमान लिहायचं. आकडा चढत चढत एका जागी स्थिरावला, की पास. सगळं बंद झाल्यावर सुनंदाताई आणि टेस्टिंगमधली त्यांची मैत्रीण मृणालिनी तापलेल्या टाकीवर जेवणाचे डबे ठेवायच्या. तशी गरम आमटी पुन्हा कधी मिळाली नाही. कारखाना गेला, तिथे आता टॉवर आहेत. मृणालिनीही गेल्या वर्षी गेली.

केयूरला त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पाटीवर लिहिलाय तेवढा करंट ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस वाहू शकतो. थोडा वेळ जास्त झाला तर सोसतो, रोज तासन्‌तास नाही.

"आत तारांवर कागद गुंडाळलेला असतो. सेटिंग वाढवलीस तर ब्रेकर गप्प बसेल, कागद मात्र करपत राहील. मग एक दिवस अख्खा ट्रान्सफॉर्मरच जाईल."

"पण लोकांना काय सांगू, काकू?"

"तीन दिवस दे मला."

वही-पेन्सिल घेऊन त्या मीटरपाशी खुर्ची टाकून बसल्या. दर तासाला आकडे लिहिताना अक्षर पूर्वीसारखंच बारीक, तिरकं येत होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळालं: घरोघरचे एसी चालू असतानाच सात गाड्या चार्जिंगला लागत होत्या. चार्जिंग पहाटे करायचं ठरलं. पाचव्या मजल्यावरचा देवव्रत कुरकुरला, पण वही पाहून तयार झाला. ब्रेकर पडायचा थांबला.

पुढच्या उन्हाळ्यासाठी कमिटीने मोठा ट्रान्सफॉर्मर मागवला. त्याची टेस्ट बघायला तो बनवणाऱ्या कारखान्यात कोण जाणार, हे केयूरने विचारलंच नाही. उद्या गाडी सकाळी सात वाजता काढतो, एवढंच सुनंदाताईंना सांगून गेला.

त्यांनी त्याच संध्याकाळी सुती साडी इस्त्री करून ठेवली. टेस्टिंगला सिंथेटिक नेसायची नसते, ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते.