डाव्या बाजूचा आवाज

ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रविवारी दुपारी या हॉलमध्ये साठीपुढची मंडळी नाचायला जमत, आणि दोन टर्नटेबलं मांडून रेकॉर्डी लावायला ताई उभी राहत असे. नवरा गेल्यापासून तिच्या आठवड्यात रविवार तेवढा उरला होता. बाकीचे दिवस ती रविवारची वाट बघण्यात घालवी. आणि गेले काही महिने डावा स्पीकर तिच्या जिवावर उठला होता. उजवा खणखणीत वाजे, डावा मात्र आजाऱ्यासारखा कण्हे.

नाच सुरू होण्याआधी ती अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण जरा डावीकडे फिरवून दोन्ही बाजू सारख्या करी. थोड्या वेळात डावं पुन्हा बसलेलंच! जाऊन बघावं तर बटण आपलं मधोमध.

"बटण सैल झालंय, नाहीतर आतच काहीतरी बिघडलंय," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. धाकटी घरी कपडे शिवायची आणि रविवारी ताईबरोबर यायची. खोकी उचलायची, पडद्यामागच्या अँप्लिफायरवर लक्ष ठेवायची आणि वर ताईची बोलणी खायची. "आज लोक यायच्या आत सोक्षमोक्ष लावते."

"राहू दे ना गं. चांगलं तर वाजतंय."

"तुझे कान शिंपिणीचे. तुला काय कळतंय त्यातलं?"

ताई हात धुऊन मागे लागली. सुई ब्रशने साफ केली, सुईचं डोकं काढून त्याच्या मागची पितळी टोकं पुसली. तीच रेकॉर्ड दुसऱ्या टर्नटेबलावर लावून बघितली. डावं कमीच. मग अँप्लिफायरच्या मागे तिने उजवीकडची लाल पिन डावीकडच्या पांढरीच्या जागी खोचली आणि पांढरी लालच्या जागी. दोष सुईत किंवा वायरीत असता, तर तो आता उजवीकडे गेला असता. तो जागचा हलला नाही. शेवटी दोघींनी धापा टाकत स्पीकरच इकडचे तिकडे केले. तरी डावं ते डावंच.

"म्हणजे हा हॉलच वाकडा आहे," ताई म्हणाली आणि स्वतःच हसली. पण ते हसू काही टिकलं नाही.

एक तपासणी अजून राहिली होती. ती कोणती, हे ताईला केव्हापासून माहीत होतं, आणि म्हणूनच तिने बाकी सगळं आधी उरकलं होतं. तिने खुर्ची ओढली, स्पीकरांकडे पाठ केली आणि बसली.

"ताई, नको," धाकटी म्हणाली.

आता तो उजवीकडचा खणखणीत स्पीकर ताईच्या डाव्या हाताला होता. आणि आता तोच कण्हत होता.

"माझा कान गेला गं," ताई म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

धाकटी तिच्यासमोर फरशीवरच बसली. "मला माहीत होतं. बटण मीच फिरवत होते. तू ते डावीकडे नेलंस की डावीकडच्या खुर्च्यांवरचे लोक कानावर हात ठेवायचे. मग मी पडद्यामागे जाऊन ते मधोमध आणायचे."

"आणि मूग गिळून बसलीस? सगळ्यांसमोर माझं हसं होत होतं!"

"कोण हसलं? एक तरी माणूस सांग." धाकटीचा आवाजही चढला. "तुला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी सगळं विकून तू घरात भिंतीकडे बघत बसली असतीस. ते मला नको होतं."

दर रविवारी दारातून बाहेर पडताना लोक तिचे हात हातात घेऊन म्हणत, काय सुरेख वाजवलंत. ती शेफारून घरी जाई. त्यातलं अर्धं सुरेखपण या शिंपिणीचं होतं, आणि तिने त्या कौतुकातलं एक अक्षरही कधी मागितलं नव्हतं. ताईचे डोळे भरून आले.

"फार उपकार केलेस गं माझ्यावर," ती म्हणाली.

"उपकार कसले? उद्या डॉक्टरांकडे जायचं. मुकाट्याने."

"जाऊ."

बाहेर लोकांची चाहूल लागली. धाकटी सवयीने पडद्यामागे निघाली. ताईने तिचा हात धरला. दोघींनी मिळून अँप्लिफायर बाहेर आणला आणि टेबलावर, टर्नटेबलांच्या शेजारी ठेवला.

"आता इथे उभी राहा माझ्या उजवीकडे, आणि सगळ्यांच्या देखत फिरव," ताई म्हणाली.

तिने हेडफोन उजव्या कानाला लावला आणि सुई टेकवली. पहिली जोडपी नाचायला उठली.

"डावीकडचं कसं वाजतंय?"

"मस्त."

ताईला डावीकडचं कमीच ऐकू येत होतं. तिने मान डोलावली आणि पुढची रेकॉर्ड काढायला घेतली.