टायपिंगच्या बाईंचं लिनक्स

"बाई, हे कावून थांबलंय?"

अपेक्षा नीलाबाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होती. काळ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोनच इंग्रजी अक्षरं उमटली होती, एल आणि आय. त्यापुढे मशीन मुक्यासारखं बसून राहिलं होतं.

"त्याला काहीतरी म्हणायचंय," नीलाबाई म्हणाल्या. "ओठावर आलंय, पण तोंडातून निघंना."

मागे टाइपरायटरवर बसलेल्या मुली हसल्या. भिंतीपलीकडून, किराणा दुकानातून, त्यांच्या नवऱ्याचा, रुद्रप्पांचा आवाज आला, "निघंल, निघंल! पाडव्यापस्तोर निघालं म्हंजे झालं."

नीलाबाईंनी मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. एल. आय. आणि पुन्हा तेच मौन.

घाटनांदूरच्या बाजारपेठेत रुद्रप्पांचं दुकान, आणि दुकानाला लागून असलेल्या खोलीत नीलाबाईंची टंकलेखन संस्था. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा टायपिंगची परीक्षा पास झालेली सून गावात दुसरी नव्हती. सासऱ्यांनी कौतुकाने दोन मशिनी घेऊन दिल्या, पुढे त्यांच्या दहा झाल्या. आसपासच्या कचेऱ्यांत बसलेले कितीतरी कारकून याच खोलीत, कळा दिसू नयेत म्हणून हातांवर फडकं टाकून, बोटं कुठे ठेवायची ते शिकून गेले होते. पण गेल्या चार-पाच वर्षांत वारं फिरलं. नोकरीच्या जाहिरातीत टायपिंगच्या जागी कॉम्प्युटर आला. मुलं एसटीने अंबाजोगाईला, लातूरला क्लासला जाऊ लागली. खोलीत राहिल्या त्या मुली. त्यांना रोज एवढ्या लांब पाठवायला घरचे तयार नव्हते. आणि नुसत्या टायपिंगवर आता कुठे चिकटता येणार नाही, हे मुलींनाही कळत होतं आणि नीलाबाईंनाही.

रुद्रप्पा मनाने वाईट नव्हते. त्यांनी दिवाळीनंतर सरळच सांगितलं होतं, "खोली अर्धी रिकामी राहती. मेडिकलवाला मागं लागलाय. पाडव्यापस्तोर बघ. मुली जमल्या तर खोली तुझी, न्हाईतर त्याची."

त्यावर नीलाबाईंनी लातूरच्या एका बँकेने काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर टेंपोत घालून आणले. अंबाजोगाईचा बंकट दुरुस्तीची कामं करायचा. त्याला बोलावलं. त्याने झाकणं उघडून बघितली आणि मान हलवली.

"मावशी, ह्याच्यावर आजकालचं विंडोज चढणार न्हाई. चढलंच तर गोगलगाईवानी चालंल. त्यात मी घालून देतो ते चोरीचंच असतंय, हे बी सांगतो."

त्यातल्या त्यात बऱ्या असलेल्या एका मशीनला त्याने मोठी डिस्क बसवून दिली आणि तो गेला. मशिनी भिंतीशी गोणपाटाखाली पडून राहिल्या. मग मंजुषा आली. नीलाबाईंचीच जुनी विद्यार्थिनी, पुण्याला कंपनीत नोकरीला लागलेली, माहेरी आली होती. तिने गोणपाट उचललं, मशिनी पाहिल्या, आणि पुण्याला परत गेल्यावर पार्सल पाठवलं: एक सीडी आणि विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. मग फोनवर म्हणाली, "बाई, ह्याला लिनक्स म्हणतात. फुकट आहे, आणि चोरीचं नाही. जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय. कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं. फक्त एक आहे, ह्याला सगळं टाइप करून सांगावं लागतं. लोक त्यालाच कंटाळतात."

"टाइप करून?" नीलाबाईंनी विचारलं. त्यापुढचं त्यांनी नीट ऐकलंच नाही.

सीडी घालून सगळं चढवलं, आणि आता ही दोन अक्षरं.

पुस्तकात त्या अक्षरांबद्दल दोन ओळी होत्या, त्याही समजण्यासारख्या नव्हत्या. मंजुषाला विचारलं तर ती म्हणाली, इंटरनेटवर लिनक्सवाल्यांची एक मंडळी असते, ई-मेलने एकमेकांच्या अडचणी सोडवतात, तिथे विचारा. नीलाबाईंनी दुपारची एसटी धरली. अंबाजोगाईत बसस्टँडजवळ नुकताच सायबर कॅफे निघाला होता. आत सगळी कॉलेजची पोरं. पाचवारी नेसलेली, कपाळाला विभूती लावलेली ही बाई खुर्ची ओढून बसली तेव्हा दोघा-तिघांनी माना वळवून पाहिलं. नीलाबाईंनी मात्र कुणाकडे पाहिलं नाही. आपलं मशीन कसं आहे, डिस्क कोणती, काय काय केलं आणि कुठे अडलं, सगळं इंग्रजीत लिहिलं. इंग्रजी बोलताना त्या अडखळत. पण वीस वर्षं इंग्रजी पत्रांचे नमुने मुलांकडून टाइप करून घेतल्यावर लिहिण्यात कसली अडचण. शेवटी सवयीने 'आपला विश्वासू' घातलं आणि खाली नुसतं आडनाव.

पुढच्या खेपेला उत्तर आलेलं होतं. केरळातल्या कुणा माणसाचं. त्याने त्यांना 'प्रिय बंधू' म्हटलं होतं. लिहिलं होतं: तुमचं मशीन जुनं आहे आणि डिस्क मोठी. सुरू होताना अशा मशीनला डिस्कचा पुढचा भागच दिसतो. सुरू व्हायला जे लागतं ते तुमच्याकडून मागे पडलंय. डिस्कच्या सुरुवातीलाच एक लहान कप्पा करा, आणि ते तिथे ठेवा.

नीलाबाई कॅफेतच मोठ्याने हसल्या. "अगं बाई! म्हंजे मीठ मागच्या फळीवर ठेवून बसले की मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली तशी त्यांनी सीडी घातली. सगळं पुसून नव्याने कप्पे पाडले, आधी लहान, मग मोठे. मुलींनी टाइपरायटर सोडून भोवती कोंडाळं केलं. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. एल. आय. नीलाबाई पडद्याकडे झुकल्या. एल. ओ. आणि मग पडद्यावरून पांढऱ्या ओळी अशा धावत सुटल्या, की अपेक्षा "आई गं!" म्हणून दोन पावलं मागे सरली. ओळी थांबल्या. शेवटी एक शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ.

"आता काय म्हनतंय?"

"तुम्ही कोण, म्हणून विचारतंय."

नीलाबाईंनी टाइप केलं. पडद्याकडे बघत, बोटांकडे न बघता. मशीनचं दार उघडलं.

"अहो!" त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली. "निघालं हो तोंडातून!"

रुद्रप्पा तराजू सोडून दारात आले. काळ्या पडद्यावरची ती एकटी ओळ त्यांनी बराच वेळ बघितली. "ह्याच्यात चित्रंबित्रं काय न्हाईत का?" ते म्हणाले. पण त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलं, की आमच्या घरात कॉम्प्युटर बोलला.

आनंद टिकला तो लाइट जाईपर्यंत. तेव्हा भारनियमनाचा काही नेम नव्हता. यायची ती न सांगता, जायची तीही न सांगता. अचानक बंद पडलेलं मशीन परत सुरू केलं की ते अर्ध्यात अडायचं, पडद्यावर इशारे द्यायचं, आणि मालकाचा पासवर्ड मागायचं. नीलाबाईंना वाटलं, मोडलं. त्या सीडी घालून सगळं पहिल्यापासून घालत. परत लाइट जाई, परत पहिल्यापासून. मुली बिचाऱ्या आशेने येत आणि बाईंच्या पाठीकडे बघून टाइपरायटरवर बसत. रुद्रप्पा एकदा जेवताना म्हणाले, "किती जीव काढतीस गं? मेडिकलवाल्याला हो म्हनू का?" "पाडवा व्हायचाय अजून," नीलाबाई म्हणाल्या.

नीलाबाई पुस्तकाकडे वळल्या. आतापर्यंत त्यांनी ते अडलं की उघडायचं असंच वापरलं होतं. आता शब्दकोश शेजारी घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. कळलं नाही तर पुन्हा वाचायचं. आणि एका सकाळी, चूल पेटवायच्या आधी, त्यांना ते सापडलं. मशीन मोडत नव्हतंच. लाइट गेली तेव्हा लिहिता लिहिता मशीनचा हात अर्ध्यात थांबलेला असायचा. त्यामुळे कुठे काय ठेवलंय याचा हिशेब विस्कटायचा. मशीन थांबून मालकाला बोलावत होतं, की ये आणि बघून घे. आणि मालकीण काय करत होती? बोलावणं आलं की घरच पाडून नवं बांधत होती.

त्या दिवशी लाइट गेली तेव्हा नीलाबाई खुशाल बसून राहिल्या. लाइट आल्यावर मशीनने हाक मारली. त्यांनी पासवर्ड दिला, हुकूम टाइप केला, मशीनच्या एकेका प्रश्नाला होकार दिला. थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी. त्यांनी डोळे पुसले आणि मुलींना म्हणाल्या, "उद्यापासून फडकी घरी ठेवून या. आता पडद्यावर शिकायचं."

उरलेल्या जुन्या मशिनीही त्यांनी कामाला लावल्या. त्यांच्यात स्वतःचा जीव नव्हता. फ्लॉपी घालून सुरू करायच्या, आणि त्या वायरीतून मोठ्या मशीनच्या जिवावर चालायच्या. वायरी बंकटने ओढून दिल्या, आणि कसं करता ते मला बी दाखवा म्हणाला. मग पाडव्याच्या आधीच्या रविवारी नीलाबाईंनी गावातल्या पालकांना बोलावणं धाडलं.

लोक आले. कापडवाले राधाकिशन आले. त्यांच्या दोन मुली होत्या, आणि ते ज्या क्लासला हो म्हणतील तिथेच बाकीचे मुली घालतील हे सगळ्यांना माहीत होतं. अपेक्षाची आजी चंद्रभागाबाई आल्या. अपेक्षाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे पोरीचं काय ते त्याच ठरवायच्या. मुली मशिनींपुढे बसल्या. एकीने पत्र टाइप केलं, दुसरीने ते आपल्या मशीनवर उघडून दाखवलं. राधाकिशन पुढे झुकले. आणि लाइट गेली.

सगळे पडदे एकदम काळे झाले.

"हे असंच होतंय बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

लाइट लगेच परतली. लहान मशिनी तशाच आंधळ्या राहिल्या. मोठं मशीन सुरू झालं, ओळी धावल्या, आणि थांबल्या. इशारा आला. पासवर्ड मागितला.

"बिघडलं जणू," राधाकिशन म्हणाले. "नीलाताई, वाईट नका वाटून घेऊ, पन ही बँकेनं टाकलेली मशिनं. तिकडं अंबाजोगाईला क्लासवाल्याकडं नवीकोरी हायेत."

दोघंतिघं उठले. अपेक्षाचं तोंड रडवेलं झालं. रुद्रप्पा दारात उभे होते. ते बायकोकडे बघत होते.

नीलाबाई उठून मोठ्या मशीनपुढे बसल्या. "बसा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, त्यामुळे उठलेले बसले. "बिघडलं नाही. तपासणी चाललीय. घरात चोर शिरून गेला असा संशय आला तर तुम्ही काय करता? एकेक डबा उघडून बघता ना? तसं ते बघतंय. घाई केली तर चुकेल." मागे न बघता त्यांची बोटं चालत होती. मशीन विचारत होतं, त्या उत्तर देत होत्या. "अहो, तोवर चहा सांगा सगळ्यांना."

रुद्रप्पांनी चहा सांगितला.

चहा आला, कपबशा फिरल्या. ओळी सरकत राहिल्या. मग मोठं मशीन एकदा बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी कुठेही न अडता शेवटच्या प्रश्नाशी येऊन थांबलं. नीलाबाईंनी मान हलवली. मुलींनी आपापली बटणं दाबली. खिडकीकडचा पडदा उजळला, मग त्याच्या शेजारचा, मग दाराजवळचा. पहिल्या मुलीने घाईघाईने फाइल उघडली.

"पत्र हाय!" ती ओरडली. "बाई, सगळं पत्र हाय!"

राधाकिशननी चष्मा काढून पुसला. "क्लासवाल्याकडं मशीन अडलं की लातूरहून मानूस यायची वाट बघत्यात," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"आन् हिला मानूस लागला न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्या चहा संपवून मघापासून नीलाबाईंच्या हातांकडेच बघत होत्या. "नवं समद्यास्नी वापरता येतंय. मोडलेलं जिला नीट करता येतं, मशीन तिचं. माझी नात हितंच शिकंल."

राधाकिशन हसले. "माझ्या बी दोघी लिहून घ्या."

नीलाबाई खुर्चीतच वळल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. रुद्रप्पा तिथे नव्हते. ते दुकानात फोनवर मेडिकलवाल्याशी बोलत होते; "न्हाई हो, लई उशीर झाला, खोली गेली," असं चढ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली आल्या त्या नव्या कपड्यांच्या घड्या मोडून. एवढ्या, की बसायला बाकडी पुरेनात. नीलाबाईंनी प्रत्येकीच्या नावाचं खातं मशीनवर उघडायला घेतलं. नाव त्या टाइप करत, आणि मग खुर्ची मोकळी करून देत.

"आता पासवर्ड. तुझा तू ठरवायचा. कुणाला सांगायचा नाही."

"आजीला बी न्हाई?" अपेक्षाने विचारलं.

"आजीलाही नाही."

"तुमाला?"

"मलाही नाही. मशीन माझं असलं तरी तुझा पासवर्ड मला दिसत नाही."

अपेक्षा खुर्चीवर बसली. आजीजवळ झोपणारी, आजीबरोबर जेवणारी, आजीच्याच पत्र्याच्या पेटीत कपडे ठेवणारी पोर. स्वतःचं आणि दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं असं काही तिच्याजवळ आजवर नसावं. ती विचार करू लागली. तिला खूप वेळ लागला.

नीलाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढ्यात अपेक्षाने पहिली कळ दाबली आणि नीलाबाईंच्या लक्षात आलं, की तोंड फिरवून भागायचं नाही. कोणतं बोट कुठे पडलं, हे वीस वर्षांनी त्यांच्या कानांना कळत होतं.

त्या दार ओढून बाहेर ओट्यावर आल्या, आणि अपेक्षाने आतून हाक मारेपर्यंत बाजारपेठेच्या गलक्यात उभ्या राहिल्या.