अंबाबाईची पिवळी नखं

क्षय म्हटल्यावर अंबाबाईला घरातून कुणी वेगळं काढलं नाही. तीच आपली वळकटी काखोटीला मारून मागच्या पडवीत गेली. नातू तेव्हा चार दिवसांचा होता. "त्याला माजा वारा नको गं लागाया," एवढंच ती सुनेला, बायजाला, म्हणाली. कसली जिगरीची बाई! पाय सुजून टम्म, उंबरा चढताना धाप लागायची, पण कुरकुर म्हणून नाही. नातू रडला की मात्र तोंड भिंतीकडे करून बसायची.

ही चौऱ्याहत्तर सालची, भिसेगावातली गोष्ट. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, छातीतलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. थुंकीत जंतू काही सापडेनात. बाळ बसायला लागलं, तरी आजीचा हात त्याला लागला नव्हता.

कर्जतच्या दवाखान्यात कुंटे नावाचे नवे डॉक्टर आले होते. नाडी बघायला त्यांनी अंबाबाईचा हात धरला. "आजी, हळदीला गेला होतात वाटतं? हात धुऊन या."

बायजाचं डोकंच फिरलं. "कसली हळद, डाक्तर? सा म्हैने आत्या चुलीपाशी येत नायत, बाळापायी! घासून घासून थकल्या, ती नखं तशीच हायत."

कुंटे रागावले नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी एकेक नख उजेडात धरलं. सगळी पिवळी आणि जाड.

"कापता कधी?"

"वाढतच नायत, तर कापू काय?" अंबाबाई म्हणाली.

मग त्यांनी पायांची सूज दाबून पाहिली. "शंका येतेय, पण खात्री नाही. मुंबईला माझ्या सरांना विचारतो. तोवर थुंकी पुन्हा तपासू." मला ठाऊक नाही असं तोंडानं म्हणणारा डॉक्टर बायजानं पहिल्यांदाच पाहिला. माणूस तिला तिथंच आवडला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी समोर बसवून सांगितलं, "नखं, पाय, छाती, सगळ्यांचं दुखणं एकच. फार विरळा आजार आहे. हा क्षय नाही, आजी. आम्ही चुकलो." आणि चक्क हात जोडले. "पार बरं होईल असं खोटं सांगणार नाही. पाणी भरलं की या, काढू."

अंबाबाईला त्याचं काही नव्हतं. "पोराला लागंल?"

"नाही. कुणालाच लागत नाही."

घरी आल्या आल्या बायजानं बाळ उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. बाळाला ओळख कुठली? त्यानं असं भोकाड पसरलं की शेजारीण डोकावली. बायजा घ्यायला वाकली, तर अंबाबाईनं तिचा हात झटकला.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं. "रडू दे त्याला. माज्या मांडीवर रडतोय!"