भिंतीआडची शिफ्ट

सुभद्राबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे थेरगावात कुणालाही विचारा. पण त्या दिवशी बाई रागावल्या त्या चक्क एका भिंतीवर!

झालं होतं असं. त्यांची लेक विजयश्री महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर होती. सकाळच्या शिफ्टला मशिननं तिच्या उजव्या हाताची चार बोटं चेचली. तिथल्या वस्तीत सिस्टर फिलोमिना दवाखाना चालवायच्या. त्या वसईकडच्या ख्रिस्ती संन्यासिनी, तोंडानं फटकळ. त्यांनीच पोरीला रिक्षात घातलं, हॉस्पिटल गाठलं आणि डॉक्टरांशी भांडून दुपारचं ऑपरेशन ठरवलं.

"बोटं राहतील ना हो?" हॉस्पिटलात धावत आलेल्या सुभद्राबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही, मावशी." सिस्टर खोटं बोलल्या नाहीत.

तेवढ्यात बाकावरचं कुणीतरी म्हणालं, "चिंचवडपलीकडं ख्रिस्ती बायांचा मठ आहे, उंच भिंतीआड. तिथल्या सिस्टर लई मोठ्या." बाईंनी ताडलं, रस्त्यानं फिरणारी सिस्टर एवढं करते, तर भिंतीआडच्यांकडे केवढं औषध असेल! एक्स-रे काखोटीला मारून त्या निघाल्या.

तिथे ना डॉक्टर, ना केसपेपर. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट, बस्स. बाईंनी त्यात एक्स-रे ठेवला. कपाट फिरलं, एक्स-रे आत गेला आणि आतून आवाज आला, "बाई, आम्ही डॉक्टर नाही. बाहेर फिरून सेवा करतात त्या सिस्टर. आम्ही नन. एकदा आत आलो की इथेच. प्रार्थना हेच आमचं काम."

"आता गं बया! माझ्या लेकीची बोटं चाललीत आणि तुम्ही तोंडसुद्धा दाखवेनात? आत बसून देव देव करायला काय जातंय तुमचं!"

आतला आवाज चिडला नाही. "लेकीचं नाव काय?"

"विजयश्री," म्हणता म्हणता बाई रडायलाच लागल्या.

"इथे दिवसरात्र कुणी ना कुणी देवापुढे असतं. तासातासाला पाळी बदलते. आत्तापासून जी बसेल ती विजयश्रीच्या बोटांसाठी बसेल."

"म्हणजे शिफ्टच की," बाई पुटपुटल्या आणि परत आलेला एक्स-रे घेऊन हॉस्पिटलला पळाल्या.

दोन बोटं वाचली, दोन गेली. सिस्टर फिलोमिना रोज स्कूटीवरून थेरगावला यायच्या, पट्टी बदलायच्या, "रडतेस काय, मूठ वळ!" म्हणून पोरीला दटावायच्या. एकदा सुभद्राबाईंनी त्यांना भिंतीची गंमत सांगितली. सिस्टर हसल्या नाहीत.

"मी दिवसभर धावते, मावशी. प्रार्थनेला धड बसणं होत नाही. पाय गळाले की वाटतं, माझ्या वाटणीचं तिथे कुणीतरी बसलंय."

ते काही बाईंच्या मनातून जाईना. तीन महिन्यांनी लेकीला घेऊन त्या पुन्हा मठात गेल्या.

"शेंगदाण्याचे लाडू आणलेत," कपाटात डबा ठेवत त्या म्हणाल्या.

"विजयश्रीची आई!" आतून लगेच आवाज आला. "बोटं कशी आहेत?"

"दोन राहिली. पण तुम्हाला अजून नाव ध्यानात आहे?"

"रोज तासातासाला घेतोय ना. ऑपरेशनचं काय झालं ते कुणी कळवलंच नाही, मग थांबायचं कसं?"

सुभद्राबाईंनी मनात हिशेब केला. तीन महिने! या तीन महिन्यांत आपण बाजार केला, शेजारणीशी भांडलो, गाढ झोपलोसुद्धा. आणि आपण जिला वाट्टेल ते बोललो ती इथे जागी होती. बाईंनी गुपचूप चपला काढल्या आणि भिंतीवर डोकं टेकलं.

विजयश्री पुढे झाली. उरलेल्या दोन बोटांनी तिनं कपाटावर टकटक केलं. मग आतून कुणीतरी टकटक केलं. शेजारून आणखी कुणी, मग आणखी. सगळं लाकूड वाजायला लागलं.

"आई, एवढ्या जणी!" पोरीचे डोळे भरून आले.

"आता थांबायचं ना?" आतून आवाज आला.

"नका थांबू," विजयश्री म्हणाली. "माझ्या मशिनवर आता आम्रपाली बसते. तिची दहाही आहेत अजून."

"बरं," आतला आवाज म्हणाला. "आम्रपाली."