नववं कलम

फुकटच्या सॉफ्टवेअरचं एक असतं, बिघडलं की भांडायला कोणी सापडत नाही. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणाऱ्या ताईला हे रविवारी सकाळी पुन्हा एकदा कळलं. तिची वेबसाइट उघडेना. नुसतं पांढरंफटक पान.

वेबसाइट कसली, हरवलेल्या धाकट्या भावाचं एक पान होतं ते. हसरा फोटो, डाव्या भुवईवरची खूण, डोकं फिरलं की वाट फुटेल तिकडे चालत सुटतो एवढी माहिती, आणि खाली 'दिसल्यास कळवा' असा फॉर्म. दीड वर्षापूर्वी तो गेला तेव्हा साइट बनवून देतो म्हणणारे ढीगभर निघाले, काम करायला एक फिरकला नाही. मग तिनेच ते सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि रडतखडत शिकली. थट्टेखोरांनी फोन करून करून जीव नकोसा केला, तेव्हा पानावरून नंबर काढून टाकला. फॉर्म तेवढा राहिला. त्यातला मजकूर तिला मेलवर यायचा. हल्ली काहीच येत नव्हतं. लोक विसरणारच, त्यांच्यामागे त्यांचे व्याप, अशी ती मनाची समजूत घालायची.

मदतीच्या फोरमवर तिने लिहिलं, "साइट बंद पडली आहे. तातडीने मदत करा."

उत्तर मास्तरांचं आलं. हा तिथला एक खडूस स्वयंसेवक. दमडी न घेता रोज पन्नास जणांची खरडपट्टी काढायचा, पण काम करून द्यायचा. "इथे सगळ्यांचंच तातडीचं असतं. आवृत्ती कोणती? एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, कुठे आहे? नाडी न बघता औषध देत नाही मी."

मेल्या, तुझी ऐट तुझ्यापाशी, असं म्हणत तिने लॉग चिकटवला. अर्ध्या तासाने मास्तरांनी सांगितलं, "फोटोंचं प्लगइन जुनं झालंय. त्याच्या फोल्डरचं नाव बदला." तिने बदललं. पान आलं! ताईच्या जिवात जीव आला.

"आणखी एक," मास्तरांनी लिहिलं. "तुमच्या लॉगमध्ये साइटवरून मेल जाणं मार्चपासून बंद दिसतंय. मुद्दाम बंद ठेवलंय का?"

ऑक्टोबर चालू होता.

मार्चमध्ये तिने नवी आवृत्ती चढवली होती, मास्तरांचीच नऊ कलमांची यादी समोर ठेवून. पहिलं, बॅकअप घ्या. दुसरं, मेल बंद करा, नाहीतर जुने मजकूर पुन्हा सुटतात. नववं, मेल चालू करा. आठवं झालं आणि पोलिसांचा फोन आला, एक प्रेत सापडलंय, ओळख पटवायला या. ती आणि तिचे वडील, अप्पा, तसेच धावत सुटले. तो नव्हता! दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा मेला होता आणि हे दोघं परतीच्या वाटेवर हसत होते. काय करणार, माणूस असाच असतो. त्या दिवशी अप्पा पोटभर जेवले, तिनेही यादी गुंडाळून ठेवली.

"मजकूर गेलेले नाहीत," मास्तरांनी कळवलं. "डेटाबेसमध्ये फॉर्मचा तक्ता आहे, तो उघडा."

बावीस ओळी निघाल्या. एकोणीस जाहिराती. उरलेल्या तीन एकाच बाईच्या.

३ एप्रिल. "मी निवारा केंद्रातली नर्स. भुवईवर खूण असलेला एकजण इथे आहे. अंगात ताप आहे. माझी ताई चष्मे करते म्हणतो. तुमचाच ना? लवकर या."

९ एप्रिल. "तुमचं काहीच उत्तर नाही. तो रोज दाराशी खुर्ची ओढून बसतो. ताई कामावरून सुटली की येईल म्हणतो."

१६ एप्रिल. "आज पहाटे गेला. दोन दिवस वाट बघू, मग अंत्यविधी आम्हीच उरकू. राग नाही, पण दोन ओळी लिहायला काय झालं होतं हो?"

ताईने ते तीनदा वाचलं. कुणाला तरी शिव्या घालाव्यात असं तिला फार वाटलं. पण यादी बरोबर होती, मास्तर बरोबर होते, नर्सबाई तर देवमाणूस. उरली ती एकटीच.

स्क्रीनवर मास्तर विचारत होते, "प्रश्न सुटला ना? मग तशी खूण करा." तिने खूण केली आणि ती स्वयंपाकघरात गेली. अप्पा शेंगा सोलत बसले होते.

"अप्पा, त्याचा निरोप आला होता."

अप्पांच्या मांडीवरचं ताट खाली घरंगळलं. "अगं, मग सांगतेस काय उभी राहून! कुठून आला?" गुडघे दुखतात म्हणणारा माणूस एका झटक्यात उठला आणि खुंटीवरचा शर्ट अंगात चढवायला लागला. बाही काही सापडेना. "बरा आहे ना तो? कधी आला निरोप?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये?" अप्पा एक हात बाहीत अडकलेला, तसेच तिच्याकडे बघत राहिले. "अगं पोरी, मग आपण अजून घरात काय करतोय?"