शिवणीच्या दोन फळ्या

मला ऐकू येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार वर्षं मी ते गिऱ्हाइकांपासून, गावापासून, बायकोपासून लपवलं आणि त्या लपवालपवीत इतका दमलो, की आता लपवायची ताकदच उरलेली नाही.

मी जनू सुतार, राहणार गडब. हायवेला लागून आमचं घर आणि घराच्या पडवीत माझं काम. पस्तीस वर्षं गोल करवतीशेजारी उभा राहिलो आणि कानात कापसाचे बोळे घालणाऱ्यांना हसत आलो. आधी उजवा कान गेला, मग डावा. पेणच्या डॉक्टरकडे एकटाच गेलो होतो. त्याने कागदावर लिहून दिलं, की आतली नसच मेली आहे, कानाला मशीन लावूनही फारसा फरक पडणार नाही. तो कागद मी वडखळच्या स्टँडवर फाडून टाकला आणि घरी येऊन कामाला लागलो.

दुसरा कुणी असता तर वय झालं म्हणून गप्प बसला असता. पण मी लाकूड ऐकणारा मिस्त्री. आमच्या घरात लाकूड बघून घेत नाहीत, वाजवून घेतात. फळीच्या एका टोकाला बोटाच्या पेराने टकटक करायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. सुकं, निरोगी लाकूड टणकन बोलतं. आत भेग असली किंवा भुंग्याने पोखरलेलं असलं, की आवाज बसका येतो. बापाने मला हे शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. भजनी मंडळाला पखवाजासाठी खोड हवं असलं, की पेणपासून नागोठण्यापर्यंतची माणसं मला बरोबर घेऊन जायची. जनूमिस्त्रीने वाजवलंय म्हटलं, की पुढे कुणी काही विचारत नसे. माझी अब्रू काय ती एवढीच होती. कान गेल्यापासून असली बोलावणी मी काहीतरी सबब सांगून टाळायचो.

बोलण्याचालण्याचं मी निभावून न्यायचो. ओठ वाचायला शिकलो. बायजाचे, म्हणजे माझ्या बायकोचे ओठ तर मला पाठच झाले. तीस वर्षांच्या संसारात ती नवीन असं काय बोलणार? जिथे कळायचं नाही तिथे मी सरळ चिडायचो. चिडक्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा विचारायला जात नाही. बायजा म्हणायची, म्हातारपणात हे फार तिरसट झाले. होऊ दे झालो तर, बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

सरू आमची एकुलती एक मुलगी. धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीची जुनी गिटार घेऊन ती ओटीवर बसायची आणि मी समोर बसून तिची बोटं बघायचो. बोटं पळाली की मान भराभर डोलवायची, सावकाश चालली की हळू डोलवायची. चार वर्षांत तिची एक ओळ माझ्या कानावर पडली नव्हती. करवतीचा आवाज गेला त्याचं मला काही नाही. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न गेले ते बरंच झालं. पण पोरगी चार हातांवर बसून वाजवते आणि बाप अंदाजाने मान हलवतो, हे मला सहन होत नसे. कितीदा तरी मी काहीतरी काम काढून उठून जायचो आणि पडवीत जाऊन उगाच रंधा घासत बसायचो.

दिवाळी झाल्यावर एकदा ती म्हणाली, "बाबा, मला इलेक्ट्रिक गिटार बनवायचीय, घरीच. तारा, खुंट्या, पिकअप, सगळं मागवलंय. लाकूड तेवढं तुम्ही निवडून द्या."

मोबाइलवर तिने चित्र दाखवलं. बघतो तर गिटार म्हणजे सगळी भरीव फळी.

"पोकळ नाय, तर वाजंल कशी?" मी विचारलं.

तिने समजावून सांगितलं. तारांखाली लोहचुंबक बसवायचे, तेच पिकअप. तार थरथरली की त्यातून वीज निघते आणि स्पीकर ती मोठी करतो. लाईट नसली, तर ही गिटार म्हणजे नुसती फळी. वाजवणाऱ्याला स्वतःलाच जेमतेम ऐकू येईल. "आणि लाईट असली, तर गावाला ऐकू जाईल," असं म्हणून ती हसली.

गावाला ऐकू जाईल, हे मी तिच्या ओठांवरून उचललं आणि उराशी धरून बसलो. गावाला ऐकू जाणार, तर बापाला का नाही जाणार? डॉक्टरने मशीनबद्दल लिहिलं होतं, स्पीकरबद्दल कुठे लिहिलं होतं? मी तिला म्हटलं, उद्याच रोह्याला जाऊ. माझी घाई बघून ती चकितच झाली.

रोह्याला काळुरामची वखार आहे. पखवाजाची खोडं मी तिथूनच घ्यायचो. गिटारला शिवणच घ्यायची हे मी वाटेत एसटीतच ठरवलं होतं. शिवणीचं लाकूड हलकं, वाद्याला चांगलं, पुढे वाकत नाही. काळुरामने दोन पावसाळे जुन्या दोन फळ्या काढून लाकडी घोडीवर ठेवल्या. एक सरळ रेघांची, दुधाळ, बघत राहावी अशी. दुसरीच्या मधोमध गाठ आणि कडेला काळा डाग.

मग काळुरामने नेहमीप्रमाणे हात वर केला. मी लाकूड वाजवणार असलो, की तो वखारीतली करवत बंद करवतो. हा मान माझ्या बापाला होता, त्याच्यामागे मला मिळाला. भुसा उडायचा थांबला, त्यावरून मला कळलं की करवत थांबली. चौघे कामगार होते तिथेच उभे राहिले. एका बहिऱ्यासाठी अख्खी वखार चिडीचूप झाली होती.

मी सुंदर फळीवर टकटक केली आणि कान लावला. काही नाही. गाठीच्या फळीवर टकटक केली. काही नाही. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. बोटाचं पेर दुखायला लागलं, पण लाकडाने तोंड उघडलं नाही. तोंडावर मात्र मी कळल्यासारखा भाव आणला होता आणि बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं. शेवटी डोळ्यांना पटली ती फळी घ्यायची असं मी मनाशी ठरवलं. बापाने ज्या गोष्टीला बंदी केली होती तीच करायला निघालो.

तेवढ्यात सरू पुढे आली. लहान असताना तिला मीच शिकवलं होतं. तिने दोन्ही फळ्या वाजवल्या, कान लावला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "बाबा, ही नको. ही बसकी बोलतेय. ती गाठवाली चांगली हाय."

काळुराम माझ्याकडे बघू लागला. कामगारही बघू लागले. पोरगी म्हणते ते खरं, एवढंच म्हणायचं होतं मला. कुणी काही म्हणालं नसतं. उलट बापाचा कान लेकीने घेतला म्हणून कौतुकच झालं असतं. पण माझ्या मनात एकच, की आता हे पकडणार, आत्ता सगळ्यांदेखत पकडणार. आणि मला जे येत होतं ते मी केलं. चिडलो.

"तू मला शिकवतंस व्हय? दोन दिवस मोबाइल बघून लाकूड कळाय लागलं तुला? माझ्यापुढं कान लावतंस?"

किती मोठ्याने बोललो ते मला ठाऊक नाही. मोठ्याने बोललो असणार, कारण कामगारांनी माना खाली घातल्या. सरू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही, तिला काहीतरी उमगल्यासारखं. मग म्हणाली, "बरं बाबा. तुमी म्हणाल ती."

काळुरामने सुंदर फळी बांधून दिली. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मी पुढच्या बाकड्याकडे बघत होतो.

पुढच्या रविवारी पडवीत काम काढलं. कागदाचा आकार फळीवर ठेवून मी कापलं, कडा गोल केल्या. गिटारची मान जिथे अंगात बसते तिथे चौकोनी खाच पाडायची होती. पटाशी ठेवली, हातोडी उचलली, आणि दुसऱ्याच ठोक्याला पटाशी लोण्यात गेल्यासारखी आत गेली. बाहेर काढली तर पिठासारखा भुसा सांडला. भुंग्याने आतून बोट जाईल एवढं पोखरलं होतं. वरून एक भोक दिसत नव्हतं.

सरू बाजूलाच उभी होती. मला वर बघवेना. तिला वखारीतच ऐकू आलं होतं. ऐकू आलं होतं आणि तरी चार माणसांत बापाचं तोंड खाली जाऊ नये म्हणून तिने किडकी फळी पदरात घेतली होती. पस्तीस वर्षांत मी कुणाला किडकं लाकूड दिलं नाही, आणि दिलं ते पोटच्या पोरीला. त्या वेळी त्या पटाशीने स्वतःचे कान कापून टाकावेत असं मला वाटलं.

"दुसरी आणू," मी म्हटलं. "गाठवाली."

ती वळसा घालून माझ्यासमोर आली, उकिडवी बसली आणि सावकाश बोलली, "नको. हीच बनवायची. किडलेलं काढू आणि सागाचा तुकडा भरू."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कित्येक महिने ही पोरगी माझ्याशी पाठीमागून बोललेली नाही. प्रत्येक वेळी समोर येते, उजेडात तोंड करते, एकेक शब्द सुटा करते. तिला केव्हाचं ठाऊक होतं. आम्ही दोघांनी मिळून सागाचा तुकडा बसवला आणि सरस वाळायला ठेवला.

गिटार पुरी व्हायला पौष उजाडला. त्या रविवारी दुपारी सरूने ती माझ्यासमोर ओटीवर आणली. जुना स्पीकर कुणाकडून तरी मागून आणला होता. त्याचं तोंड तिने माझ्याकडे केलं, वायर जोडली, बटणं फिरवली. थंडीचे दिवस, पंखा नाही, दिवा नाही. बायजा आत वाटण करत होती. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. देवाजवळ मी कधी काही मागितलं नाही, त्या दिवशी मागितलं. एक ओळ. पुढचं सगळं गेलं तरी चालेल.

तिने मान खाली घालून तारांवर हात फिरवला.

आणि मला ऐकू आलं.

फार लांबून, खोल विहिरीतून यावं तसं, पण आलं. बारीक, थरथरतं, गोड. तिची बोटं वर गेली तसं ते वर गेलं, खाली आली तसं खाली आलं. चार वर्षांत लाकडाने, बायकोने, देवळाच्या घंटेने जे दिलं नव्हतं ते आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते मी पुसलंही नाही.

"सरू," मी म्हटलं, "मला ऐकू येत नव्हतं गो. चार वरसं झाली. काय पण येत नव्हतं. पण हे येतंय. तुझं येतंय."

तिने मान वर केली. हात तारांवर तसाच राहिला होता. स्पीकरकडे तिने एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. इतक्या दिवसांनी बापाच्या तोंडून ऐकलं म्हणून असेल, असं मला वाटलं.

"व्हय, बाबा?" ती सावकाश म्हणाली.

"व्हय. बारीक येतंय, पण येतंय."

तेवढ्यात मिक्सरचं भांडं हातात घेऊन बायजा दारात आली. भांड्यात खोबऱ्याचे अख्खे तुकडे तसेच होते. मी सांगितलं ना, तिचे ओठ मला पाठ आहेत.

"लाईट कवा गेली गो?" बायजा म्हणाली. "माझं वाटण तसंच राह्यलं. अर्धा तास झाला असंल."

सरूने झटकन माझ्याकडे बघितलं. मी वाचलं की नाही एवढंच तिला बघायचं होतं. मी नजर गिटारवर ठेवली. सागाचा तुकडा जिथे बसवला होता तिथला जोड चांगला मिळून आला होता.

"थांबलीस का?" मी म्हटलं. "परत वाजव. चांगलं वाजत होतं."

बायजा काहीतरी विचारायला निघाली होती, तिला सरूने हातानेच गप्प केलं. मग तिने मान खाली घातली आणि वाजवायला लागली. तिची बोटं तारांवरून पळत होती, आणि मी मान डोलवत होतो. या खेपेला मला काहीच ऐकू आलं नाही.